बिलांतून दिसणारा डॉक्टर

कर्करोगाशी माझा रोजचा संबंध आहे, पण रुग्ण माझ्यासमोर कधी येत नाही. पुण्यात खराडीला एका कंपनीत मी अमेरिकेतल्या कॅन्सर क्लिनिकच्या बिलिंगचं काम करते. संध्याकाळी साडेसहाला आमची शिफ्ट सुरू होते, तेव्हा उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजलेले असतात. डॉक्टरांनी काय तपासलं, नर्सने कोणतं औषध किती मिलिग्रॅम दिलं, सलाइन किती वाजता लावलं आणि किती वाजता काढलं, हे नोंदींतून वाचायचं. प्रत्येक गोष्टीला तिचा कोड लावायचा, शेजारी आजाराचा कोड जोडायचा आणि क्लेम पाठवायचा. क्लेम नाकारला गेला तर कारण शोधायचं, कागद जमवायचे, अपील करायचं. पुण्यात आणि नवी मुंबईत हजारो मुलंमुली रात्रभर जागून हेच काम करतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना केमोच्या औषधांची नावं तोंडपाठ असतात आणि औषध घेणाऱ्या माणसाचा चेहरा मात्र त्यांनी कधी पाहिलेला नसतो.

या कामामुळे नातेवाइकांत माझी एक ओळख झाली आहे. अमेरिकेत कुणाला काही निघालं की फोन येतो. असाच माझ्या आतेबहिणीचा फोन मिशिगनहून आला. तिचे सासरे, आम्ही सगळेच त्यांना नाना म्हणतो, सत्तरी ओलांडलेले. मुलाकडे जाऊन तिथलेच नागरिक झालेले, त्यामुळे मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, लागू. मानेतल्या गाठीची बायॉप्सी झाली आणि फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा संथ वाढणारा कर्करोग, निघाला. जवळच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी रिटक्सिमॅब हे औषध आणि सोबत केमो सुचवली. बहीण म्हणाली, “ताई, तू हेच काम करतेस ना? त्या बाईंचं सगळं इंटरनेटवर असतं म्हणे, कुणाकडून किती पैसे घेतले ते. बघून सांग ना, डॉक्टर चांगल्या आहेत का?”

तिच्या आवाजातली धास्ती मला कळत होती. मिशिगनमध्ये राहणाऱ्या माणसाने कर्करोगाच्या डॉक्टरबद्दल अशी धास्ती घ्यावी, याला तिथे कारण घडून गेलेलं आहे.

डेट्रॉइटजवळ रॉचेस्टर हिल्समध्ये फरीद फाता नावाचा कर्करोगतज्ज्ञ होता. त्याच्या क्लिनिकच्या अनेक शाखा होत्या, नाव मोठं होतं. ६ ऑगस्ट २०१३ रोजी त्याला अटक झाली. ज्यांना कर्करोग नव्हताच अशा लोकांना त्याने केमो दिली होती. ज्यांचा आजार आटोक्यात आला होता त्यांना वर्षानुवर्षं औषधं चालू ठेवली होती. गरज नसताना इम्युनोग्लोब्युलिन आणि लोहाची सलाइनं लावली होती. सरकारी नोंदीनुसार पीडित रुग्ण ५५३ होते. मेडिकेअर आणि खासगी विमा कंपन्यांकडे पाठवलेल्या खोट्या बिलांची रक्कम सुमारे ३.४ कोटी डॉलर होती. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि जुलै २०१५ मध्ये त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली. आमच्या क्षेत्रात नव्याने आलेल्या मुलांना मी हे प्रकरण आवर्जून सांगते. ज्या क्लेमवर त्याला पैसे मिळत गेले, ते क्लेम कागदावर बरोबर होते. औषधाचा कोड आजाराच्या कोडशी जुळत होता, डोस जुळत होता, वेळ जुळत होती. मुळात आजारच खोटा लिहिलेला असेल तर आमच्या कुठल्याही तपासणीत ते सापडत नाही.

बहिणीला मी दोन गोष्टी आधीच सांगितल्या. आमच्या कंपनीच्या सिस्टीममधलं एक अक्षरही मी तुझ्यासाठी उघडणार नाही, कारण ती रुग्णांची खासगी माहिती आहे. आणि जे सगळ्या जगाला खुलं आहे ते मी वाचून देईन, पण डॉक्टर चांगल्या की वाईट हे त्यातून कळेल असं धरून बसू नकोस.

ही माहिती खुली व्हायलाही बराच काळ गेला. मेडिकेअर कोणत्या डॉक्टरला किती पैसे देते, हे जाहीर करायला १९७९ साली फ्लोरिडातल्या एका फेडरल न्यायालयाने मनाई केली होती. डॉक्टरांच्या खासगीपणाचा मुद्दा तिथे मान्य झाला होता. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ची मालक कंपनी डाऊ जोन्स न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये ती मनाई उठली. एप्रिल २०१४ मध्ये मेडिकेअरने २०१२ सालची माहिती पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. ८ लाख ८० हजारांहून अधिक डॉक्टर आणि इतर सेवा देणारे, आणि त्यांना दिलेले ७७ अब्ज डॉलर. तेव्हापासून दर वर्षी नवी फाइल येते. ती साधारण दोन वर्षं जुनी असते, पण असते. प्रत्येक डॉक्टरला तिथे दहा आकडी नंबर असतो, एनपीआय. तो टाकला की त्या डॉक्टरच्या नावावर वर्षभरात कोणत्या कोडचं किती काम झालं, त्याच्या ओळी समोर येतात.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्या डॉक्टरीणबाईंची फाइल उघडली. बहीण व्हिडिओ कॉलवर होती, तिलाही तोच स्क्रीन दिसत होता. रिटक्सिमॅबची ओळ आली तशी ती घाबरली. “ताई, हे बघ, मागच्या जुन्या फाइलपेक्षा पुढच्या वर्षी दहापट!”

पहिल्यांदा ही फाइल वाचणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडखळतो. २०१८ पर्यंत रिटक्सिमॅबचा कोड जे-९३१० होता आणि त्याचं एक युनिट म्हणजे १०० मिलिग्रॅम. १ जानेवारी २०१९ पासून कोड जे-९३१२ झाला आणि एक युनिट म्हणजे १० मिलिग्रॅम. समजा एका रुग्णाला ७०० मिलिग्रॅमचा डोस दिला. जुन्या कोडने ती ७ युनिटं, नव्या कोडने ७०. वीस रुग्णांना वर्षात सहा-सहा डोस दिले तर जुन्या फाइलमध्ये ८४० सेवा दिसतील आणि नव्या फाइलमध्ये ८,४००. रुग्ण तेवढेच, औषध तेवढंच. हाडांसाठीच्या डेनोसुमॅबचं तर एक युनिट म्हणजे १ मिलिग्रॅम. १२० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन फाइलमध्ये १२० सेवा म्हणून उभं राहतं. नव्या माणसाला वाटतं, डॉक्टरने दिवसाला शेकड्यांनी इंजेक्शनं टोचली.

म्हणून सेवांच्या आकड्याकडे मी आधी बघतच नाही. शेजारी दोन रकाने असतात. एकात वेगवेगळे रुग्ण किती ते असतं, दुसऱ्यात रुग्ण-दिवस, म्हणजे एका रुग्णाला एका दिवशी दिलेलं औषध एकदाच मोजलेलं. रुग्ण-दिवसांना रुग्णांच्या संख्येने भागलं की सरासरी एका माणसाला वर्षात ते औषध किती वेळा मिळालं हे कळतं. वरच्या रिटक्सिमॅबच्या उदाहरणात १२० रुग्ण-दिवस भागिले २० रुग्ण म्हणजे सहा. फॉलिक्युलर लिम्फोमात मूळ उपचार संपल्यावर रिटक्सिमॅब दर आठ आठवड्यांनी देतात, जास्तीत जास्त बारा डोस, म्हणजे साधारण दोन वर्षं. त्यामुळे वर्षाला सहा ही सरासरी समजण्यासारखी आहे. पंधरा दिसली असती तर मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं असतं. फक्त प्रश्नचिन्ह. कारण हेच औषध क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, संधिवातात आणि प्लेटलेटच्या एका विकारातही देतात, आणि त्यांची वेळापत्रकं वेगळी आहेत.

मग बहिणीची नजर पैशांच्या रकान्यावर गेली. आकडा मोठा होता. “एवढे पैसे त्यांना मिळाले?”

इथे व्यवहार समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत क्लिनिक केमोची औषधं आधी स्वतः विकत घेतं, रुग्णाला देतं आणि मग बिल लावतं. किराणा दुकानाचा दिवसभराचा गल्ला म्हणजे दुकानदाराची कमाई नव्हे, तसं हे आहे. त्या मोठ्या आकड्यातला बराचसा भाग औषध कंपनीच्या बिलात जातो. क्लेम नाकारला गेला तर ते औषध क्लिनिकच्या अंगावर पडतं. माझा अर्धा वेळ अशाच क्लेमच्या अपिलात जातो. २००५ पासून मेडिकेअर औषधाची सरासरी विक्रीकिंमत आणि तिच्या वर ६ टक्के देते. २०१३ मध्ये सरकारी खर्चात झालेल्या सरसकट कपातीनंतर हातात येतात साधारण ४.३ टक्के.

पण हा सहा टक्क्यांचा नियम निरुपद्रवी नाही. हजार डॉलरच्या औषधावर ६० डॉलर सुटतात, दहा हजारांच्या औषधावर ६००. महागडं औषध देणाऱ्याला जास्त, स्वस्त देणाऱ्याला कमी. २००५ मध्ये दर बदलले तेव्हा काय झालं याचा अभ्यास २०१० साली ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात आला होता. औषधांवरचा नफा कमी झाल्यावर फुप्फुसाच्या कर्करोगात केमो देणं कमी होईल असं वाटत होतं. ते किंचित वाढलं. आणि डॉक्टर कार्बोप्लॅटिनकडून महागड्या डोसेटॅक्सेलकडे सरकले. या क्षेत्रात इतकी वर्षं राहून माझं मत असं झालं आहे की बहुतेक डॉक्टर पैशासाठी औषध निवडत नाहीत. पण दोन औषधं सारखीच चालणारी असतील तेव्हा हिशेबाचा कल कुठे आहे, हे रुग्णाला माहीत असलंच पाहिजे.

नानांच्या डॉक्टरीणबाईंच्या नावावर मूळ रिटक्सिमॅबपेक्षा बायोसिमिलरच्या ओळी जास्त होत्या. बायोसिमिलर म्हणजे मूळ जैविक औषधाची मंजूर झालेली, सहसा स्वस्त आवृत्ती. बहिणीला वाटलं, चला, प्रामाणिक आहेत. मी तिला थांबवलं. २०२२ च्या कायद्याने पात्र बायोसिमिलरवर पाच वर्षांसाठी ६ ऐवजी ८ टक्के देऊ केले आहेत, आणि तेही मूळ औषधाच्या किमतीवर मोजून. म्हणजे त्या ओळींतून बाईंची सचोटी सिद्ध होत नाही आणि लोभही सिद्ध होत नाही. स्वस्त औषध वापरणं सरकारने परवडणारं केलं आणि त्यांनी ते वापरलं, एवढंच म्हणता येतं.

या फाइलमध्ये काय नाही, हे तिला समजावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. २०२३ पासून मेडिकेअरचे निम्म्याहून जास्त लोक खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या ॲडव्हांटेज योजनेत आहेत. ते इथे नाहीत. पासष्टीच्या आतले बहुतेक रुग्ण इथे नाहीत. अकराहून कमी रुग्ण असतील ती ओळ गाळलेली असते. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दिलेलं औषध रुग्णालयाच्या बिलात जातं, डॉक्टरच्या नावावर दिसत नाही. त्यामुळे मोठ्या विद्यापीठीय रुग्णालयातला डॉक्टर या फाइलमध्ये अगदी कमी पैशांचा दिसतो आणि स्वतःचं क्लिनिक असलेला कोट्यवधींचा. दोघांची तुलना केली तर पहिल्यावर नाही, तरी दुसऱ्यावर नक्की अन्याय होतो.

कधी कधी नावच फसवं असतं. २०१२ च्या यादीत देशात सगळ्यात वर असलेल्या नावांपैकी एक मेयो क्लिनिकच्या डॉ. फ्रँकलिन कॉकरिल यांचं होतं, १.१ कोटी डॉलर. ते तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि सगळ्या प्रयोगशाळेची बिलं त्यांच्या नावावर जात होती. त्याच यादीत वरच्या नावांत फरीद फाताही होता, सुमारे १ कोटी डॉलर. आकडे जवळपास सारखे. एकाच्या आकड्यामागे हजारो रक्तचाचण्या होत्या, दुसऱ्याच्या आकड्यामागे निरोगी माणसांच्या शिरांत सोडलेलं विष. फाइलला हा फरक दिसत नाही.

तो दिसत नाही याचं एक कारण माझ्या रोजच्या कामात आहे. मी क्लेम पाहते तेव्हा जोडी पाहते: औषधाचा कोड आणि आजाराचा कोड. सी-८२ लिहिलेलं असेल तर फॉलिक्युलर लिम्फोमा, शेजारी रिटक्सिमॅब, जमलं. खुल्या फाइलमध्ये त्या जोडीचा फक्त अर्धा भाग असतो. औषध कळतं, कोणत्या आजारासाठी ते कळत नाही. बिलिंगवाल्याला जोडी दिसते, पण आजार खरा आहे का हे त्याला कळत नाही. ते कळतं स्लाइड पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला आणि रुग्णाला हात लावून तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. बिलात केलेलं काम येतं. कर्करोगात डॉक्टरची पारख पुष्कळदा न केलेल्या कामात असते. संथ वाढणाऱ्या लिम्फोमात, त्रास नसेल आणि गाठी लहान असतील तर औषध न देता लक्ष ठेवणं हा मान्य मार्ग आहे. आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यांत आणखी एक केमो न देणं, स्कॅन पुढे ढकलणं, बारा डोस झाल्यावर थांबणं, यातल्या कशालाही स्वतःचा कोड नाही. रुग्णाशी पाऊण तास बोलून “आत्ता काही नको” असं सांगणारा डॉक्टर फाइलमध्ये साध्या तपासणीच्या एका ओळीत मावतो. तपासण्यांच्या मानाने औषधांच्या ओळी कमी, एवढीच त्याच्या संयमाची खूण उरते, आणि तिचा अर्थही नक्की लावता येत नाही. मी ज्या डॉक्टरांच्या नोंदी वाचून मनातून नमस्कार करते, त्यांचं मोठेपण असल्या थांबण्यात आहे. त्यांचं बिल लावताना माझ्या हाताला फारसं काही लागत नाही.

बहिणीने विचारलेली दुसरी गोष्ट म्हणजे कंपन्यांकडून मिळालेले पैसे. त्यासाठी ‘ओपन पेमेंट्स’ नावाची वेगळी सरकारी यादी आहे. २०१० च्या आरोग्य कायद्यातल्या ‘सनशाइन’ तरतुदीने औषध आणि उपकरणांच्या कंपन्यांना डॉक्टरला दिलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कळवणं बंधनकारक केलं. जेवण, प्रवास, सल्ल्याची फी, व्याख्यानाचं मानधन, संशोधनाचा निधी. पहिली यादी ३० सप्टेंबर २०१४ रोजी आली. २०२१ पासून नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंटही तीत आले. कर्करोगाच्या क्लिनिकमध्ये रुग्णाला बरेचदा तेच भेटतात, म्हणून ते येणं महत्त्वाचं होतं.

डॉक्टरीणबाईंच्या नावावर बहुतेक नोंदी जेवणाच्या होत्या, थोड्या थोड्या डॉलरच्या. एका वर्षी एका कंपनीसाठी दिलेल्या व्याख्यानांचं मानधन होतं. ज्या औषधावर ती व्याख्यानं होती ते नानांच्या आजारासाठी नव्हतं. संशोधनाच्या नावाखाली एक मोठी रक्कम होती. पण अशी रक्कम सहसा चाचणी चालवणाऱ्या संस्थेकडे जाते आणि प्रमुख संशोधक म्हणून डॉक्टरचं नाव फक्त जोडलेलं असतं. हे माहीत नसेल तर माणूस तिथेच निकाल देऊन मोकळा होतो.

जेवणाच्या त्या किरकोळ नोंदी मी मात्र हसण्यावारी नेल्या नाहीत. २०१६ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता. कंपनीने दिलेल्या एका जेवणाचाही त्या कंपनीचं ब्रँड औषध जास्त लिहिण्याशी संबंध आढळला, आणि ती जेवणं सरासरी वीस डॉलरच्याही आतली होती. जेवणामुळेच औषध लिहिलं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण “एवढ्याशा जेवणाने काय होतं” हेही मग ठामपणे म्हणता येत नाही.

या यादीचं सगळ्यात मोठं काम २०१८ मध्ये दिसलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होझे बासेल्गा स्तनाच्या कर्करोगातले जगद्विख्यात संशोधक. कंपन्यांकडून मिळालेले लाखो डॉलर त्यांनी आपल्या कितीतरी शोधनिबंधांत नमूद केले नव्हते. ‘प्रोपब्लिका’ आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पत्रकारांनी सरकारी यादी आणि निबंध शेजारी ठेवले, बातमी आली आणि काही दिवसांत बासेल्गांनी राजीनामा दिला. त्यांचं संशोधन खोटं आहे असं त्या बातमीचं म्हणणं नव्हतं. वाचकाला जे कळायला हवं होतं ते कळू दिलं नाही, एवढाच मुद्दा होता आणि तो पुरेसा गंभीर होता.

सगळं वाचून झाल्यावर मी बहिणीला निकाल दिला नाही. राज्याच्या वैद्यकीय मंडळाच्या नोंदीत त्यांच्यावर कारवाई नाही, मेडिकेअरमधून बाद केलेल्यांच्या यादीत नाव नाही, कर्करोगतज्ज्ञ म्हणून बोर्डाचं प्रमाणपत्र चालू आहे, हे पाहून घेतलं. तीही सगळी खुली माहिती आहे आणि माझ्या मते पैशांच्या रकान्याआधी बघण्यासारखी आहे. मग आम्ही दोघींनी बसून नानांसाठी प्रश्न लिहिले. बायॉप्सीच्या स्लाइड दुसऱ्या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतील का? आत्ताच उपचार का, थांबून लक्ष ठेवलं तर काय होईल? केमोसह आणि केमोशिवाय रिटक्सिमॅब, यात नानांच्या बाबतीत काय फरक पडेल? पुढचं औषध किती डोस आणि कोणत्या महिन्यात बंद? तुम्ही ज्या कंपन्यांसाठी व्याख्यानं देता त्यांचं काही औषध या योजनेत आहे का?

शेवटचा प्रश्न विचारायला नाना तयार नव्हते. “डॉक्टरला असं विचारायचं? आपल्याला ते शोभतं का?” त्यांची पिढी डॉक्टरला देव मानून वाढलेली. मी त्यांना म्हटलं, नाना, सरकारने ही यादी लोकांनी वाचावी म्हणूनच लावली आहे. तुम्ही विचारलंत म्हणून त्यांचा अपमान होत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली. स्कॅन उघडून पोटातली मोठी गाठ दाखवली. ती मूत्रवाहिनीवर दाब देत होती आणि मूत्रपिंडाला सूज आली होती, म्हणून थांबणं धोक्याचं होतं. एवढी गाठ लवकर उतरवायची तर रिटक्सिमॅब एकटं पुरेल याची खात्री नव्हती, म्हणून केमो. स्लाइड विद्यापीठाच्या रुग्णालयात पाठवायला त्यांनी स्वतःच अर्ज भरून दिला आणि तिथूनही तेच निदान आलं. नंतरच्या डोसांची संख्या आणि बंद करण्याचा महिना कागदावर लिहून दिला. कंपनीच्या प्रश्नावर त्या शांतपणे म्हणाल्या की व्याख्यानं दुसऱ्या औषधाची होती, आता त्यांनी ती बंद केली आहेत, आणि विचारलंत हे बरं झालं. बहिणीचा विश्वास त्या तासाभरात बसला. फाइलचं काम त्या खोलीत योग्य प्रश्न घेऊन जाण्यापुरतं होतं.

फाताला पकडून देणारी मंडळी आठवली की हेच पुन्हा लक्षात येतं. २०१० मध्ये अँजेला स्वॉन्टेक नावाची कर्करोग विभागातली नर्स त्याच्या क्लिनिकमध्ये नोकरीसाठी गेली होती. औषधं चुकीच्या पद्धतीने दिली जाताना पाहून ती तिथून निघाली आणि तिने राज्याकडे तक्रार केली. नियमभंग आढळला नाही असं उत्तर आलं. २०१३ च्या उन्हाळ्यात पहिली केमो घेऊन घरी गेलेल्या एका बाईंचा पाय मोडला आणि त्या रुग्णालयात दाखल झाल्या. फाता गावात नव्हता, म्हणून त्याच्याच क्लिनिकमधले डॉ. सो माउंगले त्यांना बघायला गेले. कागद पाहिले, तपासण्या पाहिल्या, कर्करोग कुठेच नव्हता. त्यांनी क्लिनिकचे व्यवस्थापक जॉर्ज कारादशे यांना सांगितलं, कारादशे तपास यंत्रणेकडे गेले आणि काही आठवड्यांत अटक झाली. मेडिकेअरकडे त्याची बिलं कित्येक वर्षं पडून होती. एक कोटीचा आकडा सरकारच्या संगणकात होता. तो आकडा पाहून कुणी एका रुग्णाचा रिपोर्ट मागवला असता तर कितीतरी माणसांची शरीरं वाचली असती. माहिती खुली असावी असं मी म्हणते ते यासाठी. जास्त डोळ्यांपुढे ती आली तर कुणीतरी प्रश्न घेऊन त्या दारात उभं राहण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे सामान्य माणसाला उघडून पाहता येईल अशी डॉक्टरनिहाय यादी नाही, बिलांची नाही आणि कंपन्यांकडून मिळालेल्या पैशांचीही नाही. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू आणि सहली देऊ नयेत, अशी संहिता केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये आणली आहे. पण कुणी काय घेतलं हे लोकांना कळण्याची सोय तीत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून महाराष्ट्रात कर्करोगाचे उपचार होतात, त्यांचे क्लेम नोंदले जातात. रुग्णांची नावं पूर्ण झाकून ती माहिती खुली करता येईल. तिचं वाचन नीट शिकवावं लागेल, नाहीतर युनिटांच्या घोळातून निरपराध डॉक्टर गुन्हेगार ठरतील. पुण्यात बसून दुसऱ्या देशाची बिलं वाचणारी इतकी माणसं आपल्याकडे आहेत, म्हणजे शिकवणाऱ्यांची उणीव पडणार नाही.

तोवर, यादी असो वा नसो, मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते. बायॉप्सीचा रिपोर्ट हातात घ्या, औषध का आणि कधीपर्यंत हे विचारा, आणि न घेतलं तर काय होईल हेही विचारा. जो डॉक्टर रिपोर्ट समोर ठेवून उत्तर देतो त्याच्याकडे निश्चिंत मनाने उपचार घ्या. जो चिडतो किंवा टाळतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्याचं मत घ्यायला कुठल्याही आकड्याची वाट बघू नका.